काकूंचं ‘हो’

आमच्या गल्लीत कडककाकांना खऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्यांचं इस्त्रीचं दुकान माझ्या औषधांच्या दुकानासमोर आहे. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. खिडकीशी टेबल, टेबलावर जाड कांबळं, कांबळ्यावर पांढरी चादर आणि पाठीमागे पडदा. गिऱ्हाईक आलं की काका विचारायचे, “साधी की कडक?” आणि उत्तराची वाट न बघता कडकच करायचे. साध्या इस्त्रीला ते इस्त्री मानतच नसत. त्यावरून हे नाव पडलं आणि त्यांनीही ते कौतुकाने मिरवलं. माणूस उंच, किडकिडीत, कॉलरचं वरचं बटण कायम लावलेला. चुरगळलेला माणूस समोर आला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. मी जन्माचा चुरगळलेला, त्यामुळे ती आठी माझ्या चांगल्या ओळखीची होती.

पडद्यामागे काकू असायच्या. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वाचेतला एकच शब्द कसाबसा मागे राहिला. “हो.” भूक लागली का विचारलं की हो. जेवलीस का विचारलं की हो. डॉक्टरांनी काकांना समजावून सांगितलं होतं की हे उत्तर नव्हे, तोंडाला तेवढा एकच शब्द सापडतो आहे, मनात काय आहे ते त्यावरून धरू नका. काकांनी त्याची थट्टा करून टाकली. “जन्मभर हिच्या तोंडून एक हो ऐकायला तरसलो,” ते गिऱ्हाइकांना सांगायचे, “आता घ्या, मागाल तितके!” लोक हसायचे. मीही हसायचो. विनोद चांगलाच होता.

पण हसण्यावारी नेण्यासारखं त्या पडद्यामागे फार काही नव्हतं, आणि ते मला माहीत होतं, कारण त्या घरात काय काय लागतं ते माझ्याच दुकानातून जायचं. मोठ्या माणसांचे डायपर न्यायला काका यायचे तेव्हा हातात एक घडी घातलेली चादर असे. आजूबाजूला कोणी नाही असं बघून पाकीट त्या चादरीच्या घडीत सरकवायचे आणि कोणाचं तरी इस्त्रीचं काम पोचवायला निघाल्यासारखे रस्ता ओलांडायचे.

“अहो, बघितलं कोणी तर काय होईल?” मी एकदा वैतागून म्हटलं.

“हिला आवडायचं नाही,” काका म्हणाले.

सगळं ‘हिला’ आवडायचं नाही. शेजारणीने डबा पाठवला तर हिला आवडायचं नाही, परगावच्या मुलीला फोनवर खरं सांगितलं तर हिला आवडायचं नाही. काकूंना विचारायची सोय नव्हती, म्हणून हे उत्तर चालून जायचं.

एक मात्र त्यांनी मुकाट्याने घेतलं होतं. पालिकेच्या आरोग्यकेंद्राकडून आठवड्यातल्या दोन दुपारी एक मदतनीस बाई यायची. घरी आजारी माणसाला सांभाळणाऱ्याला थोडी उसंत मिळावी, एवढ्यासाठीच ही योजना होती. गल्लीत तिला सगळे ‘दुपारवाली’ म्हणत. ती आली की काका पोचवायचे कपडे घेऊन निघत, पटापट घरोघर देत, आणि मग माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसत. बसत म्हणजे भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपत. जाग आली की आधी कॉलर चाचपत आणि म्हणत, “जरा औषधाची चौकशी करायला आलो होतो.” मी म्हणायचो, “झाली का चौकशी?” तेवढंच. त्या झोपेचीसुद्धा त्यांना लाज वाटायची.

पालिकेची आरोग्य समिती वर्षातून एकदा घरभेटी करते. सेवा नीट पोचते का, लोकांना पुरते का, हे प्रत्यक्ष बघायला. कल्पना उत्तम आहे. फक्त आदल्या दिवशी शिपाई येऊन सांगून जातो, “उद्या समितीची माणसं येणार, घरी राहा.” आता मला सांगा, येणार म्हणून सांगितल्यावर कोणतं घर आपल्या रोजच्या अवतारात राहील? यांना घरं बघायची असतात की आवरलेली घरं, हे मला आजवर कळलेलं नाही.

शिपाई गेला आणि काकांच्या अंगात संचारलं. गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला पडले. पडदा उतरवून धुतला, वाळवला, कडक केला. काकूंची चादर, उशीचे अभ्रे, त्यांचा गाऊन, अगदी तोंड पुसायचा नॅपकिनसुद्धा. सकाळी मी दुकान उघडतो तर काका समोरून एक खुर्ची घेऊन येताना दिसले. चाकांची, बैठकीला भोक असलेली, खाली भांडं लावायची. काकूंची.

“एवढी दुपारपर्यंत तुमच्या गोदामात राहू दे,” ते खाली बघत म्हणाले. “आणि तुमच्या दोन चांगल्या खुर्च्या द्या.”

“अहो काका, हीच तर दाखवायची त्यांना!”

“घरी आलेल्या माणसाला काय हे दाखवायचं?”

मग माझ्या खुर्च्या तिकडे गेल्या आणि ती खुर्ची माझ्या गोदामात, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांशेजारी येऊन बसली. मागोमाग एक झाकण लावलेली बादली आली. तीही मी ठेवून घेतली. नाक मुठीत धरून ठेवली, पण ठेवली.

दुपारी समितीच्या अध्यक्षीणबाई आल्या, बरोबर दोन सदस्य. बाई पूर्वी शिक्षिका होत्या. माणूस मनाने चांगला, काका-काकू म्हणून आपुलकीने बोलणारा. खुर्च्यांचा मालक म्हणून मी दारात उभा राहिलो. दुपारवाली कोपऱ्यात उभी होती. काकू पलंगावर, दोन्ही बाजूंना उशा लावून अशा बसवलेल्या की कलू नयेत. केस विंचरलेले. खोलीभर खळीचा आणि साबणाचा वास.

“वा!” बाई आत येताच म्हणाल्या. “कसं चाललंय काका?”

“उत्तम. काही अडचण नाही.”

“झोप होते ना तुमची?”

“म्हाताऱ्याला लागते किती झोप!”

बाई हसल्या. मग म्हणाल्या, “खरं सांगा हं. ही मदतनीस दुसऱ्या भागात द्यावी लागली, तर जमेल तुम्हाला?”

काकांचा हात कॉलरच्या बटणाकडे गेला, ते मी पाहिलं. आणि मग तो कडक आवाज आला, “जमवू की. इतकी वर्षं कोणापुढे हात पसरला नाही.”

बाई वळल्या, काकूंचा डावा हात त्यांनी हातात घेतला. “काकू, काका नीट करतात ना सगळं तुमचं?”

“हो,” काकू म्हणाल्या.

“मदतनीस नसली तरी चालेल ना तुम्हाला?”

“हो.”

बाईंचे डोळे भरून आले. “बघा,” त्या सदस्यांना म्हणाल्या, “याला म्हणतात समाधान.”

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ती बादली भर रस्त्यात आणून ठेवतो आहे. दुपारवाली म्हणाली, “बाई, त्यांचं हो म्हणजे...” पण एक सदस्य घड्याळ बघत उठले होते, आणि काका मोठ्याने म्हणाले, “सरबत घेऊन जा ना!” समितीची माणसं काही थांबली नाहीत. काका पलंगाजवळ गेले आणि चादरीवर नसलेली सुरकुती हाताने साफ करत राहिले.

दोन आठवड्यांनी आरोग्यकेंद्रातून निरोप आला. आमच्या भागात घरची माणसं उत्तम सांभाळ करतात असं समितीच्या नजरेस आलं आहे, तेव्हा महिनाभर इथली दुपारची मदत थांबवून पाहायची, आणि मग खुल्या बैठकीत लोकांचं ऐकून कायमचं ठरवायचं. म्हणजे काकांनी नुसती स्वतःची दुपार घालवली नव्हती, सगळ्या भागाची घालवली होती.

पहिली त्यांच्या दारात आली ती मागच्या गल्लीतली शिंपीण. नवरा नाही, पदरात एक तरणाताठा मुलगा, आणि त्याला फिट्स येतात, एकटं सोडता येत नाही. दुपारवाली असे त्या दुपारी ही घरोघर जाऊन मापं घेई, कापड आणी. जीभ तिखट, सगळ्यांची टर उडवणारी बाई. मी सुट्ट्या पैशांसाठी तिथे गेलो होतो. मला वाटलं, आता काकांची काही धडगत नाही.

पण ती भांडली नाही. टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

“काका, बाईंनी तुमच्या घराचा दाखला दिला म्हणे. या वयात एकटा माणूस किती नीटनेटकं ठेवतो, म्हणाल्या.”

काका इस्त्री फिरवत राहिले.

“तुम्हाला एक विचारायला आले,” ती म्हणाली. “कसं जमवता? खरंच सांगा. माझं घर बघितलं तर शिसारी येईल कोणाला. परवा पोरावर इतकी ओरडले की शेजारी बाहेर आले. मीच कुठेतरी कमी पडते, असं वाटायला लागलंय. तुमच्याकडे बघून तर जास्तच.”

काकांचा हात थांबला. ते काही बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “सवय होते हळूहळू.”

ती मान डोलावून निघून गेली. जाताना तिने कधी नव्हे ते एकही टोमणा मारला नाही. काकांनी माझ्याकडे न बघता सुट्टे पैसे पुढे केले, ते जास्त होते, मी परत द्यायला लागलो तर म्हणाले, “जा हो तुम्ही, जा.” त्यांचे कान लाल झाले होते.

त्या महिन्यात काका स्टुलावर आले नाहीत. यायला फुरसतच कुठली! दुकानाची खिडकी अर्धी बंद राहायला लागली. कपडे वेळेवर मिळेनात, लोक कुरकुर करायला लागले, आणि पडद्यामागून कधी कधी त्यांचा आवाज ऐकू यायचा. शब्द कळत नसत. आवाज कडक असायचा, पण गिऱ्हाइकाशी असतो तसला नव्हे. मी दोनदा जाऊन म्हटलं, “केंद्रात जाऊन सांगू या का?” दोन्ही वेळा त्यांनी मला झिडकारलं. “एकदा बोललोय ना, जमवेन म्हणून!”

मग एका दुपारी ते माझ्या दुकानात आले. हातात माझाच आकाशी शर्ट होता. छातीवर इस्त्रीचा अख्खा डाग, कडा काळी, मधे कापड गेलेलं.

“जळला,” ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक बटण तुटल्याचं मी पाहिलं नव्हतं. मला थट्टेची लहर आली. “वा काका! याला म्हणतात कडक!”

ते हसले नाहीत. शर्ट काउंटरवर ठेवून तसेच उभे राहिले. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता. वरचं बटण उघडं होतं. “नवा घेऊन देईन,” म्हणाले. मी म्हटलं, “सोडा हो, जुनाच होता.” तरी ते हलेनात. एका शर्टाची एवढी काय लाज, असं मला वाटलं. शेवटी त्यांनी सुजेवर लावायचं मलम मागितलं. “हात भाजला का?” मी विचारलं. “नाही,” ते म्हणाले आणि मलम घेऊन गेले. मी त्यावर अधिक विचार केला नाही. गिऱ्हाईक उभं होतं.

खुली बैठक पालिकेच्या सभागृहात होती. पंखे मोठे आणि आवाज त्याहून मोठा. समोर लांब टेबलाशी अध्यक्षीणबाई आणि सदस्य, इकडे आम्ही लोक. आमच्या भागातून बोलायला फारसं कोणी उठेना. बोलायचं म्हणजे चारचौघांत सांगायचं की आमच्याच्याने होत नाही, आम्हाला आमच्या माणसाचा वीट येतो, आम्ही ओरडतो. शिंपीण माझ्या पुढच्या रांगेत होती. मुलाला शेजारणीच्या गळ्यात घालून आली होती, पण हात काही वर करत नव्हती. बाई म्हणाल्या, “म्हणजे कोणाची हरकत नाही असं समजू?”

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि काका आत आले. काकूंना चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत आणलं होतं. माझ्या गोदामात ठेवलेली होती तीच खुर्ची, बैठकीला भोक असलेली, वर नुसती एक उशी टाकलेली. काकूंच्या अंगात साधा गाऊन होता आणि त्याला इस्त्री नव्हती. काकांचा शर्टही चुरगळलेला. त्यांना चुरगळलेलं पाहून मला कसंतरीच झालं.

“या काका!” बाई म्हणाल्या. “तुमचंच उदाहरण देत होते मी.”

काकांनी खुर्ची टेबलापुढे नेऊन उभी केली. “बाई,” ते म्हणाले, “हिला विचारा, नवरा चांगला सांभाळतो का.”

बाई हसून म्हणाल्या, “काकू, चांगलं सांभाळतात ना काका?”

“हो.”

“आता विचारा, नवरा मारतो का.”

सभागृहात चुळबुळ झाली. बाई म्हणाल्या, “काका, हे काय भलतंच...”

“विचारा.”

बाई विचारेनात. तेव्हा काका स्वतः वाकले, काकूंच्या चेहऱ्याशी चेहरा नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मी तुला मारलं का गं?”

“हो,” काकू म्हणाल्या. त्याच आवाजात, तशाच शांतपणे.

काका सरळ झाले. “त्या दिवशी आमच्या घरी तुम्ही हिला विचारलंत, मदतनीस नसली तरी चालेल का. ही हो म्हणाली. हिला एवढंच बोलता येतं बाई. तुम्हाला ते माहीत नव्हतं, मला होतं. मी तिथेच उभा होतो, आणि बोललो नाही. कारण माझं घर तुम्हाला आवडलं होतं.”

पंखे तेवढे घरघरत होते.

“आता तुम्ही विचाराल, आजच्या दोन ‘हो’मधलं खरं कोणतं. दोन्ही खरी आहेत.” त्यांनी आपला उजवा हात बघितला, जणू तो दुसऱ्याचा होता. “एका दुपारी तिसऱ्यांदा अंथरूण घाण झालं होतं. गिऱ्हाईक बाहेर हाका मारत होतं. मी हिची चादर काढत होतो आणि हिने चादर धरून ठेवली, सोडेना. मी मारलं. हातावर मारलं, जोरात. मग बाहेर आलो तर इस्त्री शर्टावर तशीच राहिली होती.” ते थांबले. “शर्ट जळल्याचं मी सांगत फिरलो. हे नाही सांगितलं.”

मला तो आकाशी शर्ट आठवला, माझा विनोद आठवला आणि सुजेवरचं मलम आठवलं.

“मला लाज वाटते,” काका म्हणाले. “त्या दिवशी घराची लाज वाटत होती म्हणून सगळं लपवलं. आता कशाची वाटायला हवी होती ते कळलंय. आणि त्या ताई बसल्यात ना,” त्यांनी शिंपिणीकडे बोट केलं, “त्या माझ्याकडे विचारायला आल्या होत्या, कसं जमवता म्हणून. नाही जमत हो. मलाही नाही जमत. मी खोटं बोललो तुमच्याशी.”

शिंपिणीने पदर तोंडाला लावला. मग हात वर केला. तिच्यामागून आणखी एक हात वर झाला, मग आणखी. लोक एकेक करून उठले आणि ज्याला जसं जमलं तसं बोलले. अर्धवट, चाचरत, खाली बघत. अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. शेवटी त्या म्हणाल्या, “चूक आमचीही आहे. आम्ही सांगून आलो आणि जे मांडून ठेवलं होतं तेच बघून गेलो. त्या मदतनीस बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांनाही बोलू दिलं नाही.” बोलताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा राहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यापासून दुपारवाली पुन्हा यायला लागली. हल्ली घरभेटीचा शिपाई आदल्या दिवशी येत नाही. परवाच समितीचे एक सदस्य अचानक टपकले, तेव्हा काकांच्या हातात पिळलेली चादर होती. दार लोटून घ्यायला हात पुढे गेला होता, मी इकडून बघत होतो. मग तो मागे आला. “या,” काका म्हणाले, “पण बसायला जागा नाही.”

लोकांचं म्हणाल तर लोक थोडे दिवस कुजबुजले. एकदोघांनी कपडे दुसरीकडे टाकले. बहुतेकांनी काहीच केलं नाही. शिंपीण आता जाता-येता काकांची टर उडवते, म्हणजे तिचं ठीक चाललं असावं.

काका दुपारी पुन्हा माझ्या स्टुलावर येतात, पण आता झोपत नाहीत. नुसते बसून समोर आपल्या पडद्याकडे बघत राहतात. एक दिवस मला ते बघवेना. म्हटलं, “काका, झालं ते झालं. चारचौघांत कबूल केलंत, आणखी काय करायचं माणसाने? एकदा काकूंची माफी मागा आणि मोकळे व्हा.”

“मागितली की,” ते म्हणाले. “मारलं त्याच दुपारी मागितली. पाय धरून मागितली.”

“मग?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

“हो म्हणाली,” ते म्हणाले.